एसजीएलटी२, सल्फोनिलयुरिया आणि एएफ: ड्रग-टार्गेट एमआरमधला ऑड्स रेशो पटत नाही, चूक कुठे?

परळ_नाका

नमस्कार मंडळी. मुंबईत एमडी फार्माकॉलॉजीच्या प्रबंधासाठी हे काम चालू आहे. मधुमेहाच्या कुठल्या औषधांमुळे एट्रियल फिब्रिलेशनचा (एएफ, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) धोका कमी-जास्त होतो, हे मेंडेलियन रँडमायझेशनने (एमआर, म्हणजे औषधाच्या टार्गेट जनुकातला जन्मजात फरक औषधाच्या जागी धरून) तपासायचंय. ऑक्टोबर २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून डॅपाग्लिफ्लोझिन (एसजीएलटी२ रोखणारं) इथे स्वस्त झालंय आणि ओपीडीत सर्रास लिहिलं जातं, ग्लिमेपिराइड (सल्फोनिलयुरिया) तर आहेच. म्हणून विषय घेतला.

मांडणी अशी केली आहे:

एक्सपोजर: यूके बायोबँकेचा एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी), सुमारे ३ लाख ४० हजार युरोपीय वंशाची माणसं, एसडी (प्रमाण विचलन) एककात.
आउटकम: २०१८ सालची नेचर जेनेटिक्समधली एएफ जीवास (सबंध जीनोममधल्या फरकांचा आजाराशी संबंध शोधणारा अभ्यास), ६०,६२० रुग्ण आणि ९,७०,२१६ कंट्रोल.
टार्गेट: एसएलसी५ए२ (एसजीएलटी२ चं जनुक), केसीएनजे११ आणि एबीसीसी८ (सल्फोनिलयुरियाचं), जीएलपी१आर (जीएलपी१ इंजेक्शनांचं), डीपीपी४ (व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या गोळ्यांचं), पीपीएआरजी (पायोग्लिटाझोनचं).
स्निप (डीएनएतला एका अक्षराचा फरक) निवडताना जनुकाच्या दोन्ही बाजूंना ५०० केबी (हजार बेस), पी-व्हॅल्यू ५ई-८ पेक्षा कमी, क्लम्पिंग (एकमेकांशी जोडलेल्या स्निपांतून एकच ठेवणं) आर-वर्ग ०.००१ आणि १०,००० केबी. पुढे आरमधल्या टू-सॅम्पल-एमआर पॅकेजने हार्मोनाइज करून (अलील जुळवून) एका स्निपला वॉल्ड रेशो किंवा अनेकांना आयव्हीडब्ल्यू.

अडचणी:

१) एसएलसी५ए२ ला एकच स्निप उरतो. गणित तपासायला सोपं जावं म्हणून गोल आकडे देते: एचबीए१सी वर बीटा (परिणामाचा आकडा) −०.०२, एसई (त्यातली अनिश्चितता) ०.००२५, एएफवर बीटा −०.०१, एसई ०.००६. ऑड्स रेशो ०.६१ येतो. एचबीए१सी टक्क्यांत बदलून घेतला तर ०.४५. गाइड म्हणतात डॅपाग्लिफ्लोझिनच्या डेक्लेअर ट्रायलमध्ये ०.८१ होता, तुझा ०.४५ कुठून आला?
२) केसीएनजे११ आणि एबीसीसी८ वेगवेगळे चालवले तर दोन्हींचं उत्तर जवळपास तेच येतं. दोन टार्गेटकडून दुजोरा मिळाला असं लिहू का?
३) पीपीएआरजीची दिशा समजत नाही.
४) मेटफॉर्मिनचं काय करायचं?
५) परीक्षक नक्की विचारणार: हे आपल्या पेशंटना लागू आहे का?

बीटा_भागिले_एसई

डॉक्टर, पाच प्रश्नांत तुम्ही सहावा विचारलेला नाही, आणि घोळ तिथेच असण्याची शक्यता जास्त. तो उरलेला एक स्निप गुणसूत्रावर नेमका कुठे बसतो?

एसएलसी५ए२ हे जनुक जीआरसीएच३७ (जीनोमच्या नकाशाची ३७वी आवृत्ती, म्हणजे बिल्ड) प्रमाणे १६व्या गुणसूत्रावर ३१.४९४ ते ३१.५०२ मेगाबेस एवढंच आहे, जेमतेम ८ हजार बेसचं. दोन्ही बाजूंना ५०० केबी घेतले की खालची हद्द ३०.९९ पर्यंत जाते. आणि ३१.१०२ ते ३१.१०७ ला कोण बसलंय? व्हीकेओआरसी१, म्हणजे वॉरफरिनचं टार्गेट! एएफच्या अभ्यासात एसजीएलटी२ चं इन्स्ट्रुमेंट (औषधाच्या जागी धरलेला स्निप) म्हणून वॉरफरिनच्या जनुकाशेजारचा स्निप घेतलात तर व्हायव्हात पहिल्या पाच मिनिटांत सापडाल. व्हीकेओआरसी१ मुळे एएफ होतो असं नाही. पण तो स्निप एसएलसी५ए२ चं काम दाखवतोय असा दावा करायला आधार राहत नाही. मधल्या ४०० केबीत इतर जनुकंही दाटीवाटीने आहेत.

खिडकी लहान करा, १०० केबी किंवा त्याहून कमी. पण तेवढ्याने भागणार नाही. सेंट्रोमिअरजवळच्या या पट्ट्यात एलडी (शेजारच्या स्निपांचं एकत्र वारशात जाणं) लांबवर पसरलेला आहे. खिडकीच्या आत दिसणारा सिग्नल बाहेरच्या व्हेरिअंटचा असू शकतो. म्हणून आधी ३१.० ते ३२.० मेगाबेसचा रीजनल प्लॉट काढा, एचबीए१सी चा, आणि स्निपना लीड स्निपशी असलेल्या आर-वर्गाप्रमाणे रंग द्या. शिखर जनुकावर आहे, की शेजाऱ्याच्या शिखराचा उतार तुमच्या अंगणात आलाय, ते डोळ्यांनीच दिसतं. हा प्लॉट प्रबंधात छापा. त्याच्याशिवाय आलेला सिस-एमआर (एकाच जनुकापाशचे स्निप वापरणारा) मी तरी वाचत नाही.

खिडकीची रुंदी आउटकम पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवा. १००, २५०, ५०० केबी अशी तिन्ही चालवून जे चांगलं दिसतं ते ठेवायचं, ही सवय फार बोकाळली आहे.

बिल्डही तपासा. २०१८ ची एएफ जीवास ३७ वर आहे, फिनजेन (फिनलंडचा जनुकीय डेटा) ३८ वर. या जनुकाची जागा दोन बिल्डमध्ये सुमारे ११ हजार बेसने सरकते, म्हणजे जनुकाच्या स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. ३७ चे निर्देशांक घेऊन फिनजेनच्या फाइलमध्ये शोधलंत तर एरर येत नाही, गुपचूप शेजारचा तुकडा हाती येतो. आरएस क्रमांकाने जोडा, किंवा लिफ्टओव्हर करून अलील पुन्हा ताडून पाहा.

पुढचा खड्डा ईक्यूटीएलचा (जनुकाची अभिव्यक्ती बदलणारे स्निप). एसएलसी५ए२ चा स्निप जनुकाची अभिव्यक्ती बदलतो हे दाखवायला बरेच जण रक्ताचा डेटा घेतात, कारण तिथे नमुना मोठा: ईक्यूटीएलजेनमध्ये ३१,६८४ माणसं. पण एसजीएलटी२ काम करतं मूत्रपिंडाच्या प्रॉक्सिमल ट्यूब्यूलमध्ये. रक्तपेशींत ते जवळजवळ नसतंच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? योग्य ऊती म्हणजे किडनी कॉर्टेक्स, आणि जीटेक्सच्या आठव्या आवृत्तीत तिचे नमुने अवघे ७३. त्यातून काही ठाम निघालं नाही तर तसं लिहा. रक्तातला सिग्नल घेऊन मूत्रपिंडाबद्दल बोलू नका.

मग कोलोकलायझेशन, म्हणजे एचबीए१सी आणि एएफ या दोन्हींमागे एकच व्हेरिअंट आहे का ते तपासणं. कोलोक पॅकेजमध्ये लोक हमखास कुठे चुकतात:

– व्हारबीटा या जागी एसईचा वर्ग द्यायचा असतो. नुसता एसई दिला तर प्रोग्राम कुरकुर न करता चुकीचं उत्तर देतो.
– एएफ केस-कंट्रोल आहे, तेव्हा प्रकार सीसी आणि एस म्हणजे रुग्णांचं प्रमाण: ६०,६२० भागिले १०,३०,८३६, म्हणजे ०.०५९. एचबीए१सी ला क्वांट, आणि बीटा एसडीत असेल तर एसडीवाय १.
– मूळ प्रायर पी१ आणि पी२ १ई-४, पी१२ १ई-५. पी१२ दहापट कमी करूनही निष्कर्ष टिकतो का ते दाखवा.
– एच४ (दोन्हींमागे एकच व्हेरिअंट असण्याची शक्यता) कमी आला म्हणजे दोन वेगळे व्हेरिअंट आहेत असा अर्थ लगेच काढू नका. एच३ (दोन वेगळे व्हेरिअंट असण्याची शक्यता) पाहा. एच३ आणि एच४ दोन्ही लहान, आणि सगळं वजन एच१ वर (फक्त एचबीए१सी चा सिग्नल) गेलं असेल, तर एएफच्या बाजूला त्या पट्ट्यात सिग्नलच नाही. म्हणजे तुमच्याकडे पुरावा अपुरा आहे, विरोधातला पुरावा नाही. माझ्या मते तुमच्या एसएलसी५ए२ मध्ये हेच निघणार.

क्लम्पिंगचा ०.००१ हा निकष सबंध जीनोमवर पसरलेल्या स्निपसाठी ठीक. एकाच जनुकापाशी तो सगळं झाडून एक स्निप ठेवतो. आर-वर्ग ०.१ पर्यंत सैल करा आणि स्निपांमधला परस्परसंबंध एलडी मॅट्रिक्सने मॉडेलमध्ये घाला. मेंडेलियन-रँडमायझेशन या पॅकेजच्या आयव्हीडब्ल्यूमध्ये ती सोय आहे. मॅट्रिक्समधली चिन्हं तुमच्या इफेक्ट अलीलप्रमाणे आहेत ना, हे मात्र हाताने तपासा. संदर्भ पॅनलने अलील उलटे मोजले असतील तर अधिकच्या जागी उणे पडतं आणि एसई नको इतका लहान होतो. निकाल अचानक फार सुंदर दिसायला लागला की आधी हेच तपासायचं.

गावठी_आर

वर खिडकीचं झालं. ०.६१ आणि ०.४५ चं कोडं साधं आहे. दोन्ही बरोबर आहेत, फक्त वाचणारा चुकतो.

−०.०१ भागिले −०.०२ म्हणजे ०.५. एचबीए१सी एक एसडी कमी झाला तर एएफचा लॉग-ऑड्स ०.५ ने कमी, ऑड्स रेशो ०.६१. यूके बायोबँकेत एचबीए१सी मिलिमोल प्रति मोलमध्ये नोंदलेला आहे, एसडी साधारण ६.८. टक्क्यांत न्यायचं सूत्र ०.०९१५ गुणिले मिलिमोल अधिक २.१५, फरक नेताना २.१५ येत नाही. म्हणजे एक एसडी बरोबर ०.६२ टक्के. आता तोच निकाल तीन एककांत:

प्रति १ मिलिमोल प्रति मोल घट: ०.९३
प्रति १ एसडी घट: ०.६१
प्रति १ टक्का घट: ०.४५

डेटा एकच. ०.९३ पाहून कोणी म्हणेल किरकोळ, ०.४५ पाहून कोणी म्हणेल चमत्कार. एकक न लिहिलेला ऑड्स रेशो छापूच नये. जीवास करणाऱ्यांनी एचबीए१सी रँकने नॉर्मलाइझ केला असेल तर त्या एसडीला ६.८ ने गुणणंही फक्त अंदाज, कारण मूळ वितरण उजवीकडे लांब शेपटीचं आहे. रीडमी फाइल वाचा.

आता खरी गोम. ०.६१ चा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा. रेशोचा एसई ०.००६ भागिले ०.०२, म्हणजे ०.३. इंटरव्हल ०.३४ ते १.०९. एफ-स्टॅटिस्टिक (इन्स्ट्रुमेंटची ताकद) किती? ०.०२ भागिले ०.००२५ म्हणजे ८, त्याचा वर्ग ६४. १० पेक्षा भरपूर वर. प्रबंधात तुम्ही लिहाल 'इन्स्ट्रुमेंट सशक्त आहे', आणि ते खरंही आहे. पण एफ फक्त एक्सपोजरच्या बाजूचं सांगतो. आउटकमकडे काय दिसेल ते एएफच्या एसईवर ठरतं, आणि तो आधीच काढता येतो: १ भागिले √(२ × पी × क्यू × एन × फाय × (१ − फाय)). फाय म्हणजे रुग्णांचं प्रमाण, ०.०५९. अलीलची वारंवारिता ०.४ धरली तर २पीक्यू ०.४८, एन १०,३०,८३६. उत्तर ०.००६.

समजा प्रति एसडी ०.८१ हाच खरा परिणाम आहे. लॉग घेतला तर −०.२१. तुमच्या स्निपवर तो एएफच्या बाजूला ०.०२ × ०.२१ म्हणजे ०.००४२ एवढाच उमटणार. ०.००४२ भागिले ०.००६, झेड ०.७. ८० टक्के पॉवरला झेड सुमारे २.८ लागतो. म्हणजे एसई चौपटीने लहान हवा, म्हणजे नमुना १६ पट, साधारण १० लाख एएफ रुग्ण. या डेटात खरा परिणाम असला तरी दहापैकी नऊ वेळा निकाल 'नॉट सिग्निफिकंट' येणार. आणि पी ०.०५ च्या खाली आलाच तर तो परिणाम फुगलेला असणार, कारण एवढ्या कमी पॉवरमध्ये फुगल्याशिवाय ती रेषा ओलांडताच येत नाही.

डेक्लेअरशी तुलना करताना हेही सांगा. तिथे १७,१६० पेशंट, सव्वाचार वर्षांच्या आसपासचा पाठपुरावा, एएफ आणि फ्लटर मिळून हॅझर्ड रेशो ०.८१, इंटरव्हल ०.६८ ते ०.९५, आणि तेही मागाहून केलेलं विश्लेषण. तुमचा ०.३४ ते १.०९ त्याला धरूनही आहे आणि 'काहीच परिणाम नाही' याला धरूनही.

यूके बायोबँक एक्सपोजरमध्ये आणि त्या एएफ जीवासमध्ये, दोन्हीकडे आहे, म्हणून ओव्हरलॅपचा प्रश्न येईल. एफ ६४ असताना पूर्ण ओव्हरलॅप धरला तरी झुकाव कन्फाउंडिंगच्या साधारण चौसष्टाव्या भागाएवढा. एका वाक्यात मिटवा आणि फिनजेनवर पुन्हा चालवून दाखवा.

पाच टार्गेट आणि एक आउटकम असेल तर मर्यादा ०.०१. आउटकम तीन केलेत तर ०.०५ भागिले १५, म्हणजे ०.००३३. एक-दोन स्निपवर एमआर-एगर आणि प्रेसो (स्निपने भलत्या वाटेने काम केलं का ते पाहणाऱ्या चाचण्या) चालवून टेबल भरू नका. तीनपेक्षा कमी स्निपवर एगर चालतच नाही आणि तीनवर चालवूनही अर्थ नसतो.

ठोका_चुकला

सल्फोनिलयुरियाबद्दल. दोन टार्गेटचा दुजोरा अजिबात लिहू नका. केसीएनजे११ आणि एबीसीसी८ ही ११व्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत, मधलं अंतर ४ हजार बेसच्या आसपास. केसीएनजे११ मधला आरएस५२१९, म्हणजे २३व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन, आणि एबीसीसी८ मधला आरएस७५७११०, म्हणजे १३६९व्या जागी सेरीनऐवजी अलॅनिन, हे दोघे जवळजवळ नेहमी एकत्रच वारशात जातात. तुम्ही एकाच साक्षीदाराला दोनदा पिंजऱ्यात उभं केलंत.

त्याहून महत्त्वाचं, तो साक्षीदार कशाबद्दल बोलतोय? स्वादुपिंडाच्या बीटा पेशीतला के-एटीपी चॅनल किर६.२ आणि एसयूआर१ या दोन प्रथिनांचा. वेंट्रिकलच्या स्नायूतला किर६.२ आणि एसयूआर२ए चा, आणि हे एसयूआर२ए येतं एबीसीसी९ या तिसऱ्याच जनुकातून. किर६.२ दोन्हीकडे सामाईक आहे. ग्लिक्लाझाइड मुख्यतः एसयूआर१ ला चिकटतं, म्हणून हृदयाच्या चॅनलला फारसं छेडत नाही. ग्लिबेनक्लामाइड दोन्हींना बांधतं. मग किर६.२ मधला व्हेरिअंट नक्की कुठल्या गोळीची नक्कल करतो? चॅनलचा तो भाग बदलला की स्वादुपिंड आणि हृदय दोन्हीकडे बदल होतो. ऑड्स रेशो १ च्या खाली आला तरी तो साखरेमार्गे आला की थेट हृदयातल्या चॅनलमार्गे, हे या एका हॅप्लोटाइपवरून (एकत्र वारशात जाणाऱ्या व्हेरिअंटांच्या गटावरून) वेगळं करता येत नाही. 'सल्फोनिलयुरिया वर्गाचा परिणाम' असं शीर्षक दिलंत तर निम्मी गोष्ट गाळली असं होईल.

यातून एक सैद्धांतिक मुद्दाही स्पष्ट होतो, कारण प्रबंधांत तो सारखा चुकतो. ड्रग-टार्गेट एमआरमध्ये एचबीए१सी हे एक्सपोजर नसून टार्गेट किती हललं ते सांगणारी मोजपट्टी आहे. एसजीएलटी२ रोखल्यावर ग्लुकोजबरोबर सोडियमही बाहेर जातं, वजन आणि रक्तदाब उतरतो. एएफवरचा परिणाम त्या वाटेने आला तर नियम मोडला असं नाही, तो औषधाचाच परिणाम. नियम मोडतो तो स्निपने शेजारच्या जनुकामार्गे काम केलं तर. 'एचबीए१सी कमी झाल्याने एएफ कमी होतो' असा निष्कर्ष म्हणून लिहू नका. अकॉर्ड ट्रायलमध्ये साखर जोरकस उतरवूनही नव्या एएफचं प्रमाण घटलं नव्हतं.

उलट बाजूही सांगायला हवी. हृदयाच्या स्नायूपेशीत एसजीएलटी२ जवळपास नसतं. तिथे असतं एसजीएलटी१, एसएलसी५ए१ चं. ग्लिफ्लोझिन गोळ्या एनएचई१ किंवा उशिराच्या सोडियम प्रवाहावर थेट काम करतात का, यावर प्रयोगशाळांत वाद आहे. तसं असेल तर तो परिणाम एसएलसी५ए२ च्या स्निपमध्ये कधीच दिसणार नाही. तेव्हा शून्य उत्तर आलं तर ते टार्गेटबद्दलचं शून्य, गोळीबद्दलचं नव्हे.

पीपीएआरजीची दिशा: १२व्या जागी प्रोलिनऐवजी अलॅनिन असलेल्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका कमी. पण त्या अलॅनिनमुळे रिसेप्टरची क्रिया मंदावते, आणि पायोग्लिटाझोन तर त्याला चेतवतं! साखरेच्या दिशेने जुळवलंत तर व्हेरिअंट गोळीसारखा, रिसेप्टरच्या दिशेने जुळवलंत तर गोळीच्या उलट. पायोग्लिटाझोनने पाणी धरतं, हार्ट फेल्युअर बळावतं आणि त्यामागून एएफ येऊ शकतो. हे अलॅनिन अलीलवरून कळणं कठीण. मी हे टार्गेट परिशिष्टात ढकलेन.

जीएलपी१आर ठेवा, पण पॉझिटिव्ह कंट्रोल (माहीत असलेला परिणाम दिसतो का याची खातरजमा) म्हणून नाडीचा वेगही पाहा. हा रिसेप्टर सायनस नोडमध्ये आहे आणि या औषधांनी ठोके मिनिटाला दोन-चारने वाढतात. तुमचं इन्स्ट्रुमेंट साखर हलवतं पण नाडी आणि वजनाला हातच लावत नसेल, तर ते आठवड्याच्या इंजेक्शनची नक्कल करत नाही.

डीपीपी४ ला एचबीए१सी चा सिग्नल मिळाला नाही की लोक रक्तातल्या डीपीपी४ प्रथिनाच्या पातळीकडे वळतात. जपून. व्हिल्डाग्लिप्टिन एन्झाइमचं काम थांबवतं, प्रथिनाची पातळी हे वेगळं माप. शिवाय व्हेरिअंटमुळे प्रथिनाचा आकार बदलून चाचणीतलं प्रतिपिंड नीट चिकटलं नाही, तरी पातळी 'कमी' दिसते.

परळ_नाका

सर्वांचे आभार. स्निपची जागा पाहिली, ३१.१ च्याच आसपास आहे. आता रीजनल प्लॉटपासून पुन्हा सुरुवात. मेटफॉर्मिन आणि पाचवा प्रश्न राहिला.

गावठी_आर

मेटफॉर्मिन सोडा. एक टार्गेट नाही. मायटोकाँड्रियाचा कॉम्प्लेक्स १, एएमपीके, आतडं, जीडीएफ१५, सगळीकडे बोट दाखवलं जातं. कॉम्प्लेक्स १ एकट्याचीच ४५ च्या आसपास उपएककं. डझनभर जनुकांमधून एचबीए१सी ला जुळणारे स्निप वेचले की त्याला मेटफॉर्मिन म्हणायचं धाडस लागतं. का वगळलं ते पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहा.

सायनची_ओपीडी

पाचव्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरी बाजूने देतो. सरळ 'लागू आहे' म्हणता येत नाही, आणि कारणं नेमकी सांगता येतात.

तुमच्या आउटकममधला एएफ हा मुख्यतः वय, रक्तदाब, वजन आणि उंची यांच्यामागून येणारा युरोपीय एएफ. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात एएफ घेऊन येणाऱ्यांत ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसचा वाटा मोठा असतो. त्यात तरुण बायका पुष्कळ. त्यांचा डावा एट्रियम फुगलेला असतो तो झडपेमुळे. त्या एएफबद्दल ही जीवास काहीच सांगत नाही. मर्यादांच्या परिच्छेदात ही पहिली ओळ असू द्या.

दुसरं, एचबीए१सी स्वतः. थॅलेसेमिया मायनर सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत जास्त, सिकल सेल पालघरपासून नंदुरबार-गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत, आणि लोहाची कमतरता तर सगळीकडे. लाल पेशीचं आयुष्य किंवा हिमोग्लोबिनचा प्रकार बदलला की साखर तीच असूनही एचबीए१सी हलतो. युरोपीय डेटातही एचबीए१सी चे कितीतरी स्निप साखरेऐवजी लाल पेशींमार्गे काम करतात. म्हणून प्रत्येक इन्स्ट्रुमेंट उपाशीपोटी ग्लुकोजवर आणि एमसीव्ही (लाल पेशींचा आकार), रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) यांच्यावर ताडून पाहा. एचबीए१सी हलतो, ग्लुकोज हलत नाही, एमसीव्ही हलतो, असं दिसलं की तो स्निप बाद. मॅजिक या संशोधक गटाचा २०२१ चा ग्लुकोज डेटा बीएमआयला अ‍ॅडजस्ट केलेला आहे एवढं ध्यानात ठेवा. तपासणीला तो चालेल, मुख्य एक्सपोजर म्हणून मी वापरणार नाही.

तिसरं एलडी. १००० जीनोम्समध्ये दक्षिण आशियाई ४८९ माणसं: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, आणि यूकेमधले श्रीलंकन तमिळ व तेलुगू. मराठी माणूस त्या यादीत नाही. तुमचा डेटा युरोपीय आहे तर पॅनलही युरोपीयच वापरा, ५०३ माणसांचं. 'आपल्या लोकांना जवळचं' म्हणून दक्षिण आशियाई पॅनलने क्लम्पिंग करणारे भेटतात. त्याने निकाल भारतीय होत नाही, फक्त चुकतो. जीनोम-इंडियाच्या १० हजार जीनोमवरून तुमच्या स्निपची इथली वारंवारिता पाहता आली तर उत्तम; एएफचं निदान मात्र त्यात मिळणार नाही. मायबीपीसी३ मधली २५ बेसची गळती दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि ती कार्डिओमायोपथीशी जोडलेली. युरोपीय जीवासला ती दिसतही नाही. आपल्या हृदयांची जनुकीय पार्श्वभूमी किती वेगळी असू शकते याचं हे एक उदाहरण.

चौथं, लयबिघाड म्हणजे फक्त एएफ नव्हे. सल्फोनिलयुरियाची खरी भीती रात्रीच्या हायपोग्लायसेमियाची: अ‍ॅड्रेनलिन उसळतं, पोटॅशियम उतरतं, क्यूटी लांबतो. जन्मभर साखर किंचित खाली ठेवणाऱ्या स्निपमध्ये असा अचानक झटका नसतो, तेव्हा हा धोका एमआरमध्ये उमटणारच नाही. आयसीडी-१० चा आय४८ घेतलाय तर शीर्षकात एएफ आणि फ्लटर एवढंच लिहा. आय४४ ते आय४९ एकत्र करून 'अ‍ॅरिदमिया' नावाचा आउटकम बनवू नका. हृदयाचा ब्लॉक आणि एएफ एका पिशवीत घातले की काय मोजलं ते कोणालाच सांगता येत नाही.

बीटा_भागिले_एसई

दोन व्यवहारी गोष्टी राहिल्या. ओपनजीवासला (जीवासचे निकाल जिथून उतरवतात ते संकेतस्थळ) मे २०२४ पासून टोकन लागतं आणि ते १४ दिवसांत संपतं. संपलं की जुनी स्क्रिप्ट रिकामं टेबल देऊन थांबते आणि माणूस स्निपच सापडत नाहीत म्हणून डोकं धरून बसतो. क्लम्पिंग प्लिंक १.९ ने आपल्याच मशीनवर करा, पॅनल एकदाच उतरवून ठेवा. पूर्ण फाइल आरमध्ये उघडू नका, १६ जीबीचा लॅपटॉप गुदमरतो. कमांड लाइनवर गुणसूत्र आणि जागेप्रमाणे तेवढाच पट्टा कापून घ्या.

आणि एथिक्स. सार्वजनिक समरी डेटा आहे म्हणून परवानगी नको, हे आपलं आपण ठरवायचं नसतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा कामाला पुनरावलोकनातून सूट मिळू शकते, पण ती देते समिती. अर्ज करा, सूट मिळाल्याचं पत्र घ्या, त्याचा क्रमांक पद्धतीच्या प्रकरणात टाका. स्ट्रोब-एमआरची (एमआर अभ्यास कसा मांडावा याची) २० कलमांची यादी पान क्रमांकांसह परिशिष्टात जोडा. आणि नवा रीजनल प्लॉट झाला की इथे टाका, खिडकी ठरवण्याआधी.